नऊ मीटर आधी

प्रिय एर्वेदादा,

तुझे गुडघे, वहिनीचा दमा आणि बागेतले कांदे, तिन्ही ताळ्यावर असतील अशी आशा करते. आम्ही दोघं धडधाकट ब्राझीलला पोहोचलो. म्हणजे विषुववृत्त ओलांडलं, आणि तेही आमच्या नऊ मीटरच्या शिडाच्या बोटीने. हे वाक्य वहिनीला मोठ्याने वाचून दाखव.

निघताना धक्क्यावर तू सगळ्यांदेखत म्हणालास, "सोझिक, खलाशांचा नियम आहे, विषुववृत्ताची रेघ आधी ओलांडलेल्यानेच नवख्याला दीक्षा द्यायची असते. तुम्ही दोघंही नवखे! कितीदा जाऊन या, माझ्या टेबलावर तुमची जागा पोरांकडेच." तीस वर्षं रविवारच्या जेवणाला मी त्या टोकाला सांडलेलं दूध पुसत बसले आहे. (खिडकीकडचं टोक रेघ ओलांडलेल्यांचं. तिथे तू एकटाच असतोस आणि लोणी तुझ्याकडेच राहतं.) तेव्हा आता नीट वाच.

मंगळवारी दुपारी वारा पडला. बोट मुंगीच्या चालीने दक्षिणेकडे सरकत होती. मी पुढच्या टोकाला कपडे वाळत घालत होते, यान (माझा नवरा, तू त्याला अजून 'मास्तर' म्हणतोस) मागे सुकाणूवर. अक्षांश दाखवणाऱ्या यंत्रावर सगळी शून्यं दिसताच त्याने आरोळी ठोकली आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला: मी त्याच्या नऊ मीटर आधी गेले होते! तुझ्या नियमात 'आधी' आहे, किती आधी ते नाही. मी डोक्यावर चाळणी चढवली, काठीला जेवणाचा काटा बांधून समुद्रदेवाचा त्रिशूळ केला आणि म्हणाले, "टेक गुडघे."

"अगं, तूही आत्ताच आलीस की!"

"मोठ्यांना उलट बोलू नये."

तू खलाशी असताना तुमच्या जहाजावर नवख्याच्या तोंडाला साबणाचा फेस फासत. आमचा साबण संपत आला होता, म्हणून मी घावनांचं कुट्टूचं पीठ कालवून फासलं. उन्हात त्याच्या दाढीतच घावन भाजला गेला. लाकडी वस्तऱ्याने खरवडावा लागला. मग डोक्यावर समुद्राच्या पाण्याची बादली. सफरचंदाच्या शेवटच्या सायडरचा पहिला घोट समुद्राला, दुसरा मला.

उरले मी. यान म्हणाला, "आता तू वाक." मी नियमावर बोट ठेवलं: तो माझ्या मागून आला होता. तेवढ्यात समोरून वादळी सर आली आणि तिने आम्हाला परत उत्तरेला ढकललं. ती ओसरल्यावर बोट गोल फिरली आणि प्रवाहाबरोबर पाठमोरी दक्षिणेला निघाली. या खेपेला सुकाणू आधी! (वाद नको म्हणून मी पुढच्या टोकाला जाऊन बसले, जे आता मागचं होतं.) यानने पिठाचा सूड उरलेल्या चार अंड्यांनी घेतला. माझ्या केसांना अजून वास येतो.

तर दोघांचीही दीक्षा नियमाला धरून झाली. खिडकीकडच्या दोन खुर्च्या पुसून ठेव. पोरांकडे मी आता बसणार नाही, लोण्याशिवाय तर नाहीच.

तुझी बहीण (नवखी नव्हे),
सोझिक

ता. क. दोन प्रमाणपत्रं हाताने लिहून सोबत पाठवली आहेत. खाली जुन्या दीक्षिताची सही लागते. तुझी.

ता. क. २. हे मात्र मोठ्याने वाचू नकोस. इथल्या धक्क्यावर तुमच्या जहाजावरचा आचारी ग्वेनोले भेटला. तुझी फार प्रेमाने आठवण काढतो. दीक्षेच्या दिवशी तू बटाट्यांच्या कोठीत सहा तास लपला होतास म्हणे, आणि प्रमाणपत्र त्यानेच नंतर गुपचूप आणून दिलं.

ता. क. ३. मे महिन्यात परतताना रेघ पुन्हा लागेल. एक बिछाना रिकामा आहे. येताना कुट्टूचं पीठ आण, आमचं संपलं.