एका मसुद्यावर तीन सह्या

समुद्रपूर,
मंगळवार, ९ डिसेंबर

चि. मंजुषास,
काकाचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची रीत आहे, म्हणून तेवढं लिहून टाकतो. थंडी चांगलीच पडली आहे. कापूस वेचायला बाया मिळत नाहीत म्हणून गाव बोंबलून राह्यलं आहे. तहसीलच्या फाटकाजवळ तुझ्या बाबांनी, आमच्या बबनरावांनी, लावलेला कडूलिंब अजून उभा आहे आणि अर्जनवीसाचं माझं टेबल अजून त्याच्याच खाली आहे. शाळा सुटली की तू त्या टेबलाच्या कडेवर बसून लोकांचे अर्ज मोठ्याने वाचायचीस आणि मी खेकसायचो. आता तू लोकसभेत वाचतेस आणि खेकसणारे दुसरे आहेत.

'माननीय खासदार' असं लिहायला घेतलं होतं, पण हात चालला नाही. तुझ्या पक्षाला मी जन्मात मत दिलं नाही. तू सासरच्या जिल्ह्यातून उभी राहिलीस, म्हणून माझी अडचण टळली. पण मागच्या मंगळवारी तू बोललीस ते मी चहाच्या टपरीवर उभं राहून ऐकलं आणि टपरीवाल्याला म्हटलं, ही आमच्या शेजारची पोरगी. ही लढाई आपली नाही असं सरकार म्हणते, मग तिच्या खंदकात वर्धा जिल्ह्यातली तीन पोरं काय करत आहेत, असं तू विचारलंस. दोस्ती सगळ्यांशी ठेवा, पण ज्याला दोस्त म्हणता त्याला एवढं तरी विचारा की आमची पोरं कुठे आहेत, असंही म्हणालीस. मागचे बाक ओरडत होते. तू पाण्याचा घोट घेतलास आणि पुन्हा पहिल्या वाक्यापासून सुरू केलंस. अगदी बबनराव. त्यांनाही मध्ये कोणी टोकलं की ते मुळापासून सुरू करत.

त्या देशाचं नाव मी इथे लिहीत नाही. तुझी काकू, शकुंतला, ते नाव घरात घेऊ देत नाही. टीव्हीवर निघालं तरी बंद करते.

तिकडून आमच्या धीरजचा फोन आला त्याला आज एक्केचाळीस दिवस झाले. शेवटचं बोलला तेव्हा बुटांची तक्रार करत होता. दोन नंबर मोठे आहेत, आत कागद कोंबतो म्हणाला. अठ्ठावीस वर्षांचा घोडा, आयटीआयचा वेल्डर, आणि आईला बुटांबद्दल सांगत होता. बाकी काही सांगायचं नव्हतं म्हणून सांगत असेल.

आता मुद्द्यावर येतो. मी टाळून राह्यलो आहे हे तुला वरच्या चार परिच्छेदांतच कळलं असेल.

तू बोलायच्या आधी मला फोन केला होतास. विचारलं होतंस की काका, धीरज जाताना तुम्ही कशावर सही केली होती का. मी म्हटलं, नाही. तू पुन्हा विचारलंस, नक्की ना? मी म्हटलं, अगं, मी अर्जनवीस आहे, सही काय असते मला माहीत नाही का. त्यावर तू सभागृहात उभी राहून सांगितलंस की त्या बापाने कशावरही सही केलेली नाही. आणि शुक्रवारी मंत्र्यांनी तीन शपथपत्रं हवेत फडकवली. त्यातलं पहिलं माझं होतं.

ते खोटं नाही, मंजू. ते माझंच आहे. सही माझी, अक्षर माझं.

मंत्र्यांनी वाचून दाखवलं: 'मी स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता, शुद्धीत राहून लिहून देतो की कामाचे स्वरूप मला समजावून सांगण्यात आले असून ते मला मान्य आहे.' तेव्हाही मी त्याच टपरीवर होतो. तीस वर्षं मी हे वाक्य लिहीत आलो. वाटणीपत्रात लिहिलं, हक्कसोडपत्रात लिहिलं, नांदायला जात नाही म्हणणाऱ्या पोरींच्या कागदातही लिहिलं. माझा मसुदा इतक्या मोठ्या ठिकाणी कधी गेला नव्हता. टपरीवाला हसून म्हणाला, काका, हे तर तुमच्यासारखंच लिवलं हाय. मी पैसे ठेवले आणि घरी आलो.

आता ते तुझ्यावर हक्कभंगाची सूचना आणत आहेत असं पेपरात वाचलं. सभागृहाची दिशाभूल केली म्हणून. येत्या शुक्रवारी तुला उत्तर द्यायचं आहे. तुझ्या ऑफिसातून एका पोराने फोन केला होता. ताईंनी सांगितलं आहे, काकांना त्रास देऊ नका, एवढंच बोलून त्याने ठेवला. तू स्वतः नाही केलास. बरोबर केलंस. तू शिव्या दिल्या असत्यास तर मला बरं वाटलं असतं, आणि मला बरं वाटायची ही वेळ नाही.

सगळं कसं झालं ते आता सरळ सांगतो. पिपरी मेघेला मोबाईलच्या दुकानावर प्रफुल नावाच्या माणसाने ऑफिस थाटलं होतं. परदेशात गोदामात हेल्पर पाहिजेत म्हणत होता. धीरज, हिंगणीच्या किसनरावांचा आदेश आणि पिपरीच्याच विमलाबाईंचा मुलगा असे तिघं तयार झाले. प्रफुल माझ्या टेबलावर आला. म्हणाला, काका, व्हिसाला पालकांचं शपथपत्र लागते, तुमच्यासारखं कोणी करत नाही. त्याने छापलेला एक कागद दिला, तिकडच्या कराराचं मराठी भाषांतर. त्यावरून मी मसुदा केला, आणि तिघांचा एकच केला. फक्त नाव आणि गाव बदललं. एकदा लिहिलं की हात आपोआप चालतो, डोकं लागत नाही. किसनराव आणि विमलाबाई माझ्या भरवशावर सह्या करून गेले. मी वाचून दाखवलं नाही, त्यांनी मागितलं नाही.

एवढं तरी चूक म्हणून खपलं असतं.

प्रफुलच्या त्या छापील कागदावर चौथ्या ओळीत होतं, 'सैन्याच्या आस्थापनेत सहायक'. मी वाचलं होतं. मसुदा करताना तो शब्द गाळला, कारण शपथपत्रात त्याची गरज नव्हती. म्हणजे असं मी मनाला सांगितलं. सैन्याचेही भटारखाने असतात, गोदामं असतात, असंही सांगितलं. खरं कारण घरात होतं. पोरगं दोन वर्षं बसून होतं. जेवायला बसलं की माझं तोंड सुरू व्हायचं. काकू ताट वाढायची आणि मी म्हणायचो, वाढा, सरकारी पाहुणा हाय. त्याला जाऊ द्यावं, कुठंही जाऊ द्यावं, पण या घरातून जाऊ द्यावं, असं मला झालं होतं. बाप असून झालं होतं.

सही करताना धीरज टेबलाजवळ उभा होता. त्याने कागद हातात घेतला आणि विचारलं, "बाबा, कागद बरोबर हाय ना?"

मी म्हटलं, "बरोबर हाय."

हे मी आजपर्यंत कोणाला सांगितलं नव्हतं. तुझ्या काकूलाही नाही. म्हणून तुला फोनवर 'सही नाही' म्हणालो. सही कबूल केली असती तर तू मसुदा विचारला असतास, मसुदा विचारला असतास तर तो कागद विचारला असतास. तू लहानपणापासून अशीच आहेस.

शनिवारी प्रभाकरराव आले. इथले सत्तावाल्यांचे कार्यकर्ते, मी ज्यांना मत देतो तेच. माणूस वाईट नाही, माझ्या पोरीच्या, अंजूच्या, लग्नात जेवणावळी त्यांनीच सांभाळली होती. माझ्या टेबलासमोर बसले आणि हळू आवाजात बोलले. तिकडून माणसं परत आणायची यादी होत आहे म्हणे. धीरजचं नाव वर घेता येईल. तुम्ही फक्त एक लिहून द्या की त्या बाईने तुमच्या तोंडून खोटं वदवून घेतलं. मसुदा तुम्हीच करा, महादेवराव, आमच्यानं तसा होत नाही. मी विचारलं, आदेशचं नाव? विमलाबाईंच्या पोराचं? ते म्हणाले, पहिले आपलं पाहा.

खोटं कशाला बोलू, मंजू, मी कागद पुढे ओढला होता. टोपण काढलं होतं. 'मी स्वखुशीने' इथपर्यंत लिहिलंसुद्धा. मग प्रभाकररावांना म्हटलं, उद्या देतो.

घरी आलो. भर दुपार होती, काकू अंगणात तूर वाळत घालत होती. मी बाजेवर बसून तिला सगळं सांगितलं. चौथी ओळ सांगितली, धीरजने काय विचारलं ते सांगितलं, प्रभाकररावांचं सांगितलं. तिचा हात थांबला नाही. सगळी तूर पसरून झाली तेव्हा बोलली.

"तुमी वाचलं होतं अन् मले नाई सांगितलं."

मी म्हटलं, हो.

तिने रिकामं सूप झटकलं. मला वाटलं आता रडेल, नाहीतर हातातलं सूप फेकेल. मला दोन्ही चाललं असतं.

"माह्या पोराले आनायसाठी बबनभाऊच्या पोरीले खोटी पाडायची," ती म्हणाली, "अन् उद्या आदेशची माय मले भेटली तं म्या तोंड कुठी लपवू? किसनरावकडं कवा जाता ते सांगा."

रविवारी पहिल्या गाडीने निघालो. प्रभाकररावांना फोन करून सांगितलं, माझ्याने होणार नाही. ते एवढंच म्हणाले की पाहा बुवा, यादी यादीच असते. ते वाक्य माझ्या छातीत बसलं आहे आणि ते निघणार नाही. हा कागद तुझ्याकडे पोचल्यावर धीरजचं नाव खाली जाईल, हे मला दिसतं आहे. मी ते पाहूनच लिहितो आहे.

हिंगणीला किसनराव गोठ्याजवळ बसले होते. आदेशच्या पायात बॉम्बचे तुकडे शिरले आहेत, तिकडच्या दवाखान्यात आहे, एवढंच त्यांना माहीत. मी चपला काढून उभ्यानेच सांगितलं. त्यांनी मारलं नाही. म्हणाले, "महादेवराव, मले वाचता येते. तुमी लिवलं म्हनून म्या वाचलं नाई." मग आत चहा सांगितला. तो चहा पिण्याइतकी मोठी शिक्षा मला जन्मात झाली नाही.

विमलाबाईंनी मात्र शिक्षा केली. काय काय बोलल्या ते पत्रात लिहिण्यासारखं नाही आणि त्यातलं काही चूक नव्हतं. बोलून दमल्या तेव्हा म्हणाल्या, लिहा आता, पण मी सांगीन तेच लिहा, तुमच्या मनचं एक अक्षर नको.

तर आता ऐक. यासोबत काय पाठवतो आहे आणि त्याचं काय करायचं.

पहिला, प्रफुलचा तो छापील कागद. माझी जुनी सवय तुला आठवत असेल, कच्चा मसुदा फेकत नाही, तारेच्या आकड्याला टोचून ठेवतो. कागद तिथेच होता. चौथी ओळ पाहा. समासात प्रफुलच्या अक्षरात 'तिन्ही एकसारखे करा' असं आहे, खाली त्याच्या ऑफिसचा शिक्का आहे.

मंत्र्यांकडची तिन्ही शपथपत्रं मागून घे आणि शेजारी शेजारी ठेव. शब्दाला शब्द तेच आहेत. आणि किसनरावांच्या कागदात 'राहणार हिंगणी, तालुका समुद्रपूर' असं आहे. हिंगणी सेलू तालुक्यात आहे हे शेंबडं पोरगंही सांगेल. माझ्या मसुद्यात माझा तालुका होता, तो तसाच उतरला. तीस वर्षांत माझ्या कागदात तालुका चुकला नव्हता. ज्या माणसाला स्वतःचा तालुका चुकलेला दिसला नाही, त्याला कामाचं स्वरूप समजावून सांगितलं होतं असं मंत्र्यांनी कसं म्हणावं, ते त्यांनाच विचार.

दुसरं, तीन नवी शपथपत्रं. ही मी त्यांच्या तोंडून निघाली तशी लिहिली आहेत. 'सबब', 'सदर' काही नाही. नोटरी वकील म्हणाले, हे काय लिहिलं, भाषा नीट करा. मी म्हटलं, नीट करायची पाळी येऊन गेली. किसनरावांचं त्यांच्या शब्दांत आहे. विमलाबाईंचं पावणेदोन पानं आहे, त्यातल्या शिव्या त्यांच्याच परवानगीने गाळल्या. तिसरं माझं. त्यात लिहिलं आहे की खासदारांना मी खोटं सांगितलं, त्यांनी मला पढवलं नाही, मी चौथी ओळ वाचली होती, आणि पोराने विचारलं तेव्हा बरोबर हाय म्हणून सांगितलं.

त्यामुळे माझ्यावर काय व्हायचं ते होईल. टेबल जाईल. एखादी केस होईल. ते मी पाहून घेईन, त्यासाठी तू कोणाला फोन करायचा नाही.

तुला एकच सांगणं आहे, आणि लहानपणी खेकसायचो तसंच समज. शुक्रवारी माफी मागायची असेल तर त्या एका वाक्याची माग. बापाने सही केली होती, मला चुकीचं सांगण्यात आलं, असं उभं राहून म्हण. माझं नाव घे. मग पाण्याचा घोट घे आणि पुन्हा पहिल्यापासून विचार की तीन पोरं कुठे आहेत. माझ्या खोट्यामागे तो प्रश्न झाकला जायला नको. तेवढ्यासाठीच तर त्यांनी कागद फडकवले.

अंजू या सगळ्याचे फोटो आजच तुला पाठवेल. मूळ कागद घेऊन आम्ही चौघं उद्या सेवाग्रामवरून गाडी धरतो. किसनराव, विमलाबाई, तुझी काकू आणि मी. आम्हाला आत बसायला पास मिळाला तर बरं, नाहीतर फाटकाबाहेर बसू. तिथे बसायची मला सवय आहे.

काकूने तुझ्यासाठी तिळाचे लाडू बांधले आहेत. तुझ्यावर तिचा राग नाही. माझ्यावर आहे, तो राहू दे.

या पत्राखाली तिचीही सही आहे. सही करायच्या आधी तिने मला हे सगळं पत्र मोठ्याने वाचून दाखवायला लावलं, आणि चौथ्या ओळीचा भाग दोनदा.

लिहून देणार,
महादेव नारायण झाडे,
धीरजचा बाप

ऐकून सही करणार,
शकुंतला