गुरुवारच्या मेळाव्यातून आम्हां स्थानिकांना वगळल्याबद्दल

प्रति,
मा. संचालक,
नागरी स्नेहकेंद्र,
मुख्य रस्ता, पाण्याच्या टाकीसमोर.

विषय : परदेशी विद्यार्थ्यांच्या गुरुवारच्या स्नेहमेळाव्यात दोन वयस्क स्थानिक स्त्रियांना पूर्ववत प्रवेश मिळण्याबाबत.

संदर्भ : १) केंद्राच्या दारावरील फलक, ‘सर्वांचे मनःपूर्वक स्वागत’.
२) त्याच फलकाखाली चिकटवलेली सूचना, ‘ओळखपत्राशिवाय प्रवेश नाही’.

महोदय,

मी खाली सही करणारी, वय सदुसष्ट, प्रसूतिगृहातून निवृत्त झालेली परिचारिका. एकतीस वर्षांच्या नोकरीत रजेचे अर्ज सोडले तर कोणत्याही अधिकाऱ्याला मी काही लिहिले नाही, आणि रजाही मिळाल्या नाहीत. त्यामुळे अर्ज या प्रकारावर माझा फारसा विश्वास नाही. तरीही लिहीत आहे, यावरून प्रकरण किती गळ्याशी आले आहे ते आपल्या लक्षात यावे.

केंद्राच्या मागच्या गल्लीत, घड्याळवाल्यांच्या दुकानाच्या वर, मी राहते. सोबत माझ्या थोरल्या नणंदबाई असतात, वय चौऱ्याहत्तर, लग्न केलेले नाही. मी त्यांना वन्सं म्हणते. अर्जातही तेच म्हणेन, बेचाळीस वर्षांची सवय आहे.

अकरा महिन्यांपूर्वी मी आपल्या केंद्रात आले ती गुडघ्यांसाठी. ‘ज्येष्ठांचा गुडघेदुखी व्यायामवर्ग, खोली क्रमांक चार’ असे मला सांगण्यात आले होते. खोली क्रमांक चारमध्ये गुडघे पुष्कळ होते, पण एकही दुखरा नव्हता. वीसेक तरुण मुलेमुली गोल करून उभी होती. मी परत फिरणार तेवढ्यात एका कुरळ्या केसांच्या मुलाने माझ्या खांद्यावर कागद चिकटवला आणि त्यावर नाव लिहायला खुणेने सांगितले. व्यायामवर्गात हजेरी अशी घेत असतील, असे समजून मी लिहिले. मग गाणे लागले आणि सगळे खुर्च्यांभोवती पळू लागले. गाणे थांबले की बसायचे, सुरू झाले की उठायचे. सतरा वेळा उठबस झाली आणि मी पहिली आले. प्रसूतिगृहात रिकामी खुर्ची दिसली की तत्क्षणी बसायचे, पुन्हा संधी मिळत नाही, हे शिक्षण कामी आले. गुडघेदुखीचा वर्ग बंद पडून सहा महिने झाले होते, हे मला नंतर कळले. माझे गुडघे आज ठणठणीत आहेत. सबब खोली चुकली असे मी मानत नाही.

आता वन्संबद्दल. आमचे हे, म्हणजे वन्संचे धाकटे भाऊ, दोन वर्षांपूर्वी गेले. त्या दिवसापासून वन्संनी बोलणे सोडले. वाचा गेली नव्हती. डॉक्टरांनी घसा, कान, डोके सगळे तपासून काही नाही म्हणून सांगितले. ‘हो’, ‘नको’, ‘दार’, ‘मीठ’ आणि ‘बघू’ या पाच शब्दांवर त्या संसार रेटत होत्या. त्यापूर्वी त्या इतके बोलत, की हे कामावरून आले की जिन्यातच पाच मिनिटे थांबून दम साठवत असत. मीही तरुणपणी देवाकडे घरात जरा शांतता मागितली होती. देवाने तो अर्ज मंजूर करायला चाळीस वर्षे लावली आणि मंजूर केला तो असा.

तिसऱ्या गुरुवारी मी वन्संना सोबत नेले. घरी एकट्या ठेवल्या तर गॅसवर दूध ठेवून भिंतीकडे बघत बसतात, म्हणून. कोपऱ्यातल्या बाकावर एका उंच मुलीशेजारी त्यांना बसवले. ही मुलगी पूल बांधण्याचे शिक्षण घ्यायला आली आहे. तेव्हा तिला आपल्या भाषेतला एकही शब्द येत नव्हता आणि त्या दिवशी तिला घरची फार आठवण येत असावी. ती तिच्या भाषेत बोलू लागली. नाक ओढत, हातवारे करत, बराच वेळ. वन्सं ऐकत होत्या. ती थांबली, आणि वन्संनी सुरू केले.

मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला कागदी पेले मांडत होते. आवाज ओळखीचा वाटला म्हणून वळले. वन्सं तिला भावाचे लहानपण सांगत होत्या. तो सायकल शिकताना दूधवाल्याच्या अंगावर कसा गेला आणि घरी येऊन दूधवालाच आडवा आला म्हणून कसा रडला, इथपासून. मग गाडी माझ्यावर आली. मी भांडी आपटते, मी पडदे आखूड शिवले, शेवटच्या वर्षी मी त्याला गोडाचा कण दिला नाही. पंचवीस मिनिटे. मुलगी एकही अक्षर न कळता गंभीरपणे मान हलवत होती. स्वतःविरुद्धची तक्रार ऐकून मला जो आनंद झाला तो मानपत्र मिळूनही झाला नसता. मी पेल्यांकडे तोंड करून रडले. हे इथे नोंदवण्याचे कारण असे, की पुढे आपल्या कार्यक्रम अधिकाऱ्यांनी ‘सदर उपक्रमातून आपणांस नेमका कोणता लाभ झाला’ असे मला लेखी विचारले होते.

तेव्हापासून दर गुरुवारी पाच ते सात असा क्रम लागला. घरी आले की पुन्हा पाच शब्द. ज्याला कळते त्याच्याशी वन्सं बोलत नसत. मी एकदा काही न कळल्यासारखा चेहरा करून समोर बसून पाहिले, पण बेचाळीस वर्षांच्या ओळखीपुढे ते सोंग टिकले नाही.

गेल्या महिन्यात केंद्रात नवे कार्यक्रम अधिकारी रुजू झाले. माणूस तरुण, शर्ट कडक इस्त्रीचा, हसतात तेही परिपत्रक आल्यासारखे. महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी त्यांनी आम्हाला दारात थांबवले. झालेले बोलणे जसेच्या तसे देते.

“आजी, ओळखपत्र?”

“कसलं?”

“परदेशी विद्यार्थी असल्याचं.”

“मी परदेशीही नाही आणि विद्यार्थीही नाही. माझ्याकडे बघून तुम्हाला दोन्हींतलं काय वाटलं?”

“तसं नाही हो. परदेशी विद्यार्थ्यांना स्थानिक लोकांची ओळख व्हावी, म्हणून हा उपक्रम आहे.”

“मग झालं तर. आम्ही स्थानिक लोक.”

“म्हणूनच तर तुम्हाला प्रवेश नाही.”

हे वाक्य मी घरी जाऊन पुष्कळ घोळवले. ते कुठूनही सुरू केले तरी तिथेच येते. स्थानिक लोकांची ओळख करून देण्यासाठी साहेबांनी स्थानिक लोकांना बाहेर काढले आणि पडद्यावर स्थानिक लोकांची छायाचित्रे दाखवायला सुरुवात केली. चौथ्या चित्रात एक हसरी म्हातारी आहे. मुले सांगतात, की तिच्यावर तेरा मिनिटे माहिती दिली जाते. वन्सं दोन तास फुकट बसायला तयार होत्या.

पुढच्या गुरुवारी सव्वापाच वाजता आमचे दार वाजले. उंच मुलगी, कुरळ्या केसांचा मुलगा आणि आणखी तिघे. त्यांना आमचा पत्ता कोणी दिला ते मला माहीत नाही. (दिला असल्यास मी दिला नाही. कागदी पेल्यावर लिहिलेला पत्ता हा पुरावा धरू नये.) त्यानंतरच्या गुरुवारी अकरा जण आले. या महिन्याच्या पहिल्या गुरुवारी एकोणीस. आमच्या दोन खोल्या आहेत, खुर्च्या तीन. म्हणून खेळात लोखंडी ट्रंक, पालथी बादली, धान्याचे दोन डबे आणि माझे शिवणयंत्र यांचा खुर्ची म्हणून समावेश करावा लागला. चपला-बूट जिन्यावर, जिना संपला की रस्त्यावर. एक विद्यार्थी न्हाणीघरात अडकला, कारण आमची कडी उचलून डावीकडे ढकलायची असते हे वन्संखेरीज कोणाला समजावता येत नाही, आणि वन्सं तेव्हा उंच मुलीशी बोलण्यात गुंतल्या होत्या. तो पाऊण तास आत गात होता. आवाज चांगला आहे.

गाणे थांबले की आमच्याकडे एकोणीस जण एकदम बसतात. त्याबरोबर खाली घड्याळवाल्यांच्या भिंतीवरची छत्तीस घड्याळे हादरतात आणि छत्तीस वेगवेगळ्या वेळा दाखवू लागतात. ते रीतसर लेखी तक्रार घेऊन वर आले. कोणीतरी त्यांना बादलीवर बसवले. आता गाणे कधी थांबवायचे हे तेच ठरवतात. वेळेच्या धंद्यातला माणूस असल्याने कोणाला आक्षेप घेता येत नाही.

दरम्यान आपल्या केंद्रातील खोली क्रमांक चारमध्ये गुरुवारची उपस्थिती दोन होती. एक स्वतः अधिकारी आणि दुसरा पडद्याचे यंत्र चालवणारा. त्यातला दुसरा मधूनमधून आमच्याकडेच असे.

गेल्या गुरुवारी अधिकारी स्वतः आमच्या दारात आले. हातात नोटीस : ‘केंद्राच्या उपक्रमाशी साधर्म्य असलेला उपक्रम खासगी जागेत चालवून केंद्राच्या उपस्थितीस बाधा आणल्याबद्दल तीन दिवसांत खुलासा करावा.’ दार वन्संनी उघडले. मी स्वयंपाकघरात होते, तिथून दोघे दिसत होते.

“आजी, ही नोटीस. घ्या आणि इथं सही करा.”

वन्संनी कागदाकडे पाहिले. हात पुढे केला नाही. मला वाटले आता ‘नको’ म्हणतील.

“पायातलं काढ आणि आत ये,” वन्सं म्हणाल्या. “दारात उभं राहून कुणाला कागद देऊ नये. माझा भाऊ गेला तेव्हा दवाखान्यात एकानं असाच दारातून कागद पुढं केला. इथं सही करा म्हणाला. मी केली. कागद घेतला नि गेला. बसा म्हणाला नाही, पाणी हवंय का म्हणाला नाही. मी कुणाशी बोलायचं होतं मग? त्या दाराशी?”

खोलीतले गाणे थांबले होते, पण कोणी बसले नाही.

महोदय, हे मला माहीत नव्हते. त्या वेळी मी आत, ह्यांच्यापाशी होते. बाहेर वन्सं एकट्या आहेत हे माझ्या डोक्यातही आले नाही. एकतीस वर्षे मीही असे कागद दारातून पुढे केले आहेत आणि सही कुठे करायची ते बोटाने दाखवले आहे. समोरच्या माणसाचा चेहरा पाहिल्याचे मला आठवत नाही.

अधिकाऱ्यांनी बूट काढले. एका मोज्यातून अंगठा बाहेर आला होता, तो त्यांनी दुसऱ्या पायाखाली लपवला. आत येऊन ट्रंकेवर बसले. कुरळ्या केसांच्या मुलाने त्यांच्या खांद्यावर कागद चिकटवला. खेळात ते पहिल्याच फेरीत बाद झाले, कारण बसण्यापूर्वी ते डावीउजवीकडे बघून कोणाची हरकत नाही ना याची खात्री करून घेत होते. सातला निघताना नोटीस खिशात घालून म्हणाले, “नियम वरून आला आहे आजी, माझ्या हातात काही नाही. संचालकांना अर्ज करा.” या अर्जाचा मसुदाही त्यांनीच तपासून दिला. त्यांच्याविषयीच्या परिच्छेदांवर ‘जरा जास्तच होतंय’ असा शेरा आहे. तो मी विचारात घेतलेला नाही.

त्या संध्याकाळी सगळे गेल्यावर भांडी विसळताना वन्सं माझ्यामागे येऊन उभ्या राहिल्या.

“तू होतीस ना आत? शेवटी काही म्हणाला का गं तो?”

दोन वर्षे हा प्रश्न त्यांच्या पोटात होता. आणि दोन वर्षे मी समजत होते, की मी परिचारिका असून त्यांच्या भावाला वाचवले नाही म्हणून त्यांनी माझ्याशी अबोला धरला आहे.

“पंखा कमी कर म्हणाले,” मी सांगितले.

“एवढंच?”

“एवढंच. मी केला. मग म्हणाले, फारच कमी केलास.”

वन्सं हसल्या. हसता हसता ओट्याला धरून उभ्या राहिल्या. मग मीही. मग आम्ही दोघी बराच वेळ रडलो, तो तपशील या अर्जाच्या कक्षेत येत नाही.

तरी विनंती, की खोली क्रमांक चार आम्हां दोघींना पुन्हा खुली करावी, म्हणजे विद्यार्थीही तिथे परत येतील आणि माझी जमीन खालच्या घड्याळांवर पडायची वाचेल. नियम बदलणे अवघड असल्यास आम्हाला परदेशी ठरवले तरी हरकत नाही. मी या घरात सून म्हणून आले तेव्हापासून वन्सं मला परक्या मुलखातलीच समजतात, त्याचा दाखला त्या देऊ शकतील.

याच महिन्याच्या २८ तारखेला, गुरुवारी, केंद्रात विद्यार्थ्यांचा निरोपसमारंभ आहे. उंच मुलगी त्यानंतर दोन दिवसांनी तिच्या देशी जाणार आहे. तिला आता आपली भाषा बरीच येते, आणि जे पहिले वाक्य तिने न चुकता म्हटले ते ‘तुमची भावजय भांडी आपटते’ हे आहे. अर्जाच्या उत्तरास तीस कार्यालयीन दिवस लागतात असे समजते. इतके दिवस आमच्याकडे नाहीत. निदान त्या एका दिवसाची परवानगी तरी आधी द्यावी. आणि ती न आल्यास आपल्याला आधीच कळवून ठेवते, की वन्सं त्या दिवशी येणारच आहेत. दारात अडवायला माणूस ठेवायचा तर सवडीचा ठेवावा, त्यांचे दोन वर्षांचे साठले आहे.

आपली, उत्तर येईपर्यंत नम्र,
(सही)
निवृत्त परिचारिका
दिनांक १९, मंगळवार

सोबत : अधिकाऱ्यांची नोटीस (त्यांनी स्वतः परत आणून दिलेली, घडी पडलेली). घड्याळवाल्यांची तक्रार व तिच्याच पाठीवर त्यांनी लिहिलेली माघार. उंच मुलीचे आपल्या भाषेतले पत्र, चुका न सुधारता.

दुसऱ्या अर्जदाराची सही : केलेली नाही. “लिहून कशाला देऊ? येऊन सांगते,” म्हणाल्या.