गार कपाट

प्रिय पाल्हाळ,

पहिलं वाक्य खोडून खोडून कागदाला भोक पडायची वेळ आली. हसू नकोस. दुसऱ्यांच्या पहिल्या वाक्यांची चिरफाड करून आयुष्यभर पोट भरलेली बाई मी, आणि तुला साधं पत्र लिहायला बसले तर डोक्याचा नुसता भुगा झालाय. बातमी काय ते आधी सांगा, मग बाकीचं रामायण. कोण, काय, कुठे, कधी हे वर आलंच पाहिजे, असं मी किती जणांच्या कानीकपाळी ओरडले असेन! तर घे, वरच सांगते. तुझ्या भाचीचा फोन आला होता. तुझ्या हृदयाची झडप बदलायला हवी, डॉक्टर म्हणतात आता लांबवू नका, आणि तू म्हणतेस 'बघू'. झाली बातमी. पण हे पत्र त्यासाठी नाही. म्हणजे, त्यासाठीही आहे. बघ, हे असं होतंय माझं.

आमचे हे म्हणाले, पत्रं कसली लिहितेस, सरळ फोन लाव की. यांना काय जातंय सांगायला! तू फोन उचलत नाहीस. चुकून उचललासच, तर खिडकीतल्या कुंडीपासून सुरुवात करतेस आणि शेजारणीच्या मांजरीच्या बाळंतपणापर्यंत जाऊन पोचतेस. मला जे विचारायचं असतं ते माझ्या तोंडातच राहतं. परवा भाचीला मी म्हटलं, अगं तुझ्या मावशीला जरा समजाव. तर ती म्हणाली, मावशीला समजवायला गेलं की अर्ध्या तासाने आपणच तिच्याकडून समजूत काढून घेऊन बाहेर येतो. अगदी खरं बोलली पोरगी. म्हणून कागद घेतला. कागदावर तू मध्ये बोलू शकत नाहीस.

पेपरच्या ऑफिसातलं खांबाजवळचं माझं टेबल आठवतं का गं? त्यावर तो कान तुटलेला कप, लाल पेनं, आणि टेबलाच्या कडेला हात टेकून उभी असलेली तू. पान छपाईला सोडायची वेळ टळून गेलेली, पान लावणारे काका कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघतायत, मी जिन्याच्या तोंडाशी जाऊन तुझ्या नावाने खडे फोडतेय, आणि तू निवांत एकेक पायरी चढत येतेस, हातात बातमीच्या कॉपीचा हा एवढा गठ्ठा! तुला पाल्हाळ हे नाव मी ठेवलं आणि मला कात्री तू ठेवलंस. पुढे अख्ख्या ऑफिसने तीच नावं उचलली. पगाराच्या दिवशी कॅशियरसुद्धा विचारायचा, कात्रीबाई आल्या का म्हणून. आपण दोघी तेव्हा किती भांडलो असू! आणि भांडून झालं की एकाच कपातला चहा बशीत ओतून प्यायचो, दुसरा कप कुठे होता?

वखारीच्या आगीची बातमी तू काय सुरू केली होतीस! रखवालदाराच्या खोलीबाहेर काढून ठेवलेल्या वहाणा. वहाणांचा रंग, अंगठा तुटलेला, त्याला तारेने बांधलेलं. आग यायला दुसरं पान उजाडलं. मी वहाणा उडवल्या, आग वर घेतली, रखवालदार वाचला हे दुसऱ्या वाक्यात घातलं आणि कॉपी खाली पाठवली. तू माझ्यासमोर उभी राहून फणकाऱ्याने म्हणालीस, की वहाणा काढल्यास तर वाचला तो माणूस कोण हे कळणार कसं? मी म्हटलं, बाई गं, मला जागा आहे वीतभर, त्यात मी माणूस घालू की त्याच्या वहाणा? दोन दिवस बोलली नाहीस माझ्याशी.

पण मग ती पाण्याची बातमी. नळाच्या पाण्यात गटाराचं पाणी मिसळलं होतं तेव्हाची. तू लिहिलं होतंस फार छान, आजही म्हणते, फार छान. नळावरची रांग, निळी बादली घेतलेली बाळंतीण, तिच्या कडेवर पेंगणारं पोर. आणि 'पाणी उकळून प्या' हे कुठे? पार तळाशी! तुला माहीतच होतं, पानावर जागा कमी पडली की काका खालून कापतात. सगळ्यात महत्त्वाचं ते तू नेमकं कापलं जाईल अशा जागी ठेवलं होतंस. मी ते उचलून पहिल्या ओळीत घातलं, तेच मथळ्यात घेतलं, आणि बाळंतीण काढून टाकली. दुसऱ्या दिवशी तू त्या वस्तीत जाऊन आलीस. दारोदारी चुलींवर पाण्याची भांडी चढली होती म्हणे. आलीस, माझ्यासमोर चहा ठेवलास आणि चक्क काही बोलली नाहीस. तू आणि गप्प! मी मनात म्हटलं, जिंकले. स्पष्ट लिहिणं म्हणजे काय ते आता हिला कळलं.

आता मात्र माझी खात्री पार डळमळलीये. मागच्या आठवड्यात ऑफिसात जाऊन आले. जिना तोच आहे, खांब पण तोच, बाकी सगळीकडे काचा आणि पडदे. कुणी कुणाला ओरडत नाही, सगळे कानात काहीतरी घालून बसलेले. मी जुन्या अंकांच्या खोलीत बसून तुझ्या बातम्या काढल्या. का, ते सांगते, जरा दम धर. एक वाचली, दुसरी वाचली, दुपारभर वाचत राहिले. काय सुरेख मजकूर, अगं! वाक्यं छोटी, एका वाक्यात एकच गोष्ट. कुणी केलं ते स्पष्ट, कुणी सांगितलं ते स्पष्ट. विशेषण औषधाला नाही. अभिमान वाटला मला. आणि मग पानं पुन्हा उलटून पाहिली. त्या एवढ्या बातम्यांत तू कुठेच नव्हतीस. वहाणा नव्हत्या, निळी बादली नव्हती, ते पेंगणारं पोर नव्हतं. सगळ्यांत मीच होते. नाव तुझं, आणि आत मी.

म्हणजे मी चुकले का? मला खरंच कळत नाहीये. बादली ठेवली असती आणि पाणी उकळायचं राहिलं असतं, तर? लोक आजारी पडले असते, पोरं गेली असती. माझं बरोबरच होतं. पण मग एवढं बरोबर असून मला त्या खोलीत रडू का आलं? तिथल्या मुलीने पाण्याचा ग्लास आणून दिला आणि विचारलं, आजी, धुळीचा त्रास होतो का. आजी! म्हटलं, हो गं बाई, धुळीचाच.

बरं, नुसतं रडून भागतंय का? मला तुझी माहिती हवी होती, नीट, पक्की, आणि हाताला काहीच लागेना. पुराच्या वेळी तू होडीतून गेलीस असं तू सांगायचीस. आपला फोटोग्राफर शपथेवर सांगतो की ट्रकच्या टपावरून गेलात, होडी नंतर आली. तुझा जन्म कुठला, तर तू दोन गावं सांगतेस, मूड असेल तसं. आणि तू नोकरी का सोडलीस? एका दुपारी माझ्या टेबलावर खणाची किल्ली ठेवलीस, 'येते' म्हणालीस आणि गेलीस. कुणी म्हणालं संपादकांशी वाजलं, कुणी म्हणालं आईचं दुखणं, आणि एकाने माझ्या तोंडावर सांगितलं की तुझ्या कात्रीला कंटाळून गेली. त्यानंतर आपण इतक्यांदा भेटलो, पोटभर हसलो, पण हे विचारायचं राहिलं. ऐकीव गोष्टीवर विसंबू नका, ज्याची गोष्ट त्यालाच विचारा, हे मी जगाला शिकवत होते. आणि तुला विचारायला मला भीती वाटायची गं. तू हो म्हणालीस तर काय, अशी.

खात्री नसेल ते कापा, हा नियम. मी तो लावून पाहिला. होडी गेली, ट्रक गेला, जन्मगाव गेलं, नोकरी सोडल्याचं कारण गेलं. उरल्या चार ओळी. त्या यांना वाचून दाखवल्या. तर हे चष्मा वर सरकवत म्हणाले, बाई सज्जन दिसतात, कोण या? यांना तुझे मार खायला लावणारे विनोद तोंडपाठ आहेत, तुझ्या हसण्याला भिऊन आमची पाल पळाली होती हे आठवतंय, आणि विचारतात कोण या! इतका संताप आला मला. यांचा नाही, माझाच.

ते गार कपाट आठवतं का? संपादकांच्या खोलीबाहेरचं हिरवं लोखंडी. मोठी माणसं जिवंत असतानाच त्यांच्यावरचे मृत्युलेख लिहून त्यात ठेवायचे, आयत्या वेळी धावपळ नको म्हणून. मला पहिल्यांदा कळलं तेव्हा शिसारी आली होती, आणि तू मात्र डबा खाता खाता तिथले कागद काढून वाचायचीस. त्या म्हाताऱ्या गवईबुवांचा लेख आठव. लिहिणारा आधी गेला, सुधारणारा निवृत्त झाला, कागद पिवळा पडला, आणि बुवा आपले दर वर्षी मैफल करतायत! तेव्हापासून तू सगळ्यांना सांगत सुटलीस, की ज्याला लांब आयुष्य हवं त्याने वशिला लावून गार कपाटात जागा मिळवावी. पान लावणारे काका बिचारे खरंच विचारायला आले होते, माझं लिहाल का म्हणून. तू लिहिलंसही त्यांचं, वहाणांपासून सुरुवात करून. काका अजून ठणठणीत आहेत, परवा भाजी घेताना भेटले आणि तुझी चौकशी करत होते. मी सांगितलं, बरी आहे.

आता कपाट नाही, पण कॉम्प्युटरवर त्या नावाचा कप्पा आहे. आणि आता सांगते, पाल्हाळ, तुझ्यासारखं, पार तळाशी. नव्या संपादकांचा फोन आला होता. फार अदबीने बोलले. म्हणाले, त्यांच्या आजारपणाचं कानावर आलं, देव करो आणि गरज न पडो, पण मजकूर तयार असलेला बरा, आणि तुमच्याइतकं त्यांना कोण ओळखतं. फोन आपटायला हवा होता मी. पण नाही म्हटलं असतं तर कुणीतरी कानात बोळे घातलेला येऊन 'कधीही भरून न येणारी पोकळी' लिहून मोकळा झाला असता, आणि तुझ्या नावाखाली ते मला सहन झालं नसतं. म्हणून हो म्हटलं. सोबत पाठवतेय तो कागद तोच आहे. घाबरू नकोस, चारच ओळी आहेत, बाकी सगळा कोरा. होडी की ट्रक ते तू लिही. गाव कुठलं ते लिही. किल्ली का ठेवलीस तेही लिही, माझ्यामुळे असेल तर तसं लिही, मी ते कापणार नाही. वहाणा घाल, बादली घाल, मांजरीचं बाळंतपण घाल, पुरवणी जोड, मी एक अक्षर काढणार नाही. पण इतकं सगळं लिहायला वेळ लागतो आणि त्यासाठी धड माणूस लागतं, तेव्हा आधी 'बघू' बंद कर आणि ती झडप बदलून घे. भाचीला होकार दे, आजच दे. मी येते, दवाखान्याच्या बाकावर बसते, तुझी बडबड ऐकते. मला तू हवी आहेस गं, लेख नको आहे. आयुष्यात एकही कॉपी तू वेळेवर दिली नाहीस. हीसुद्धा देऊ नकोस. माझ्यानंतर दिलीस तरी चालेल, पान थांबवून ठेवायला सांगते. या वेळी मी जिन्याच्या तोंडाशी उभी राहून ओरडणार नाही.

तुझीच,
कात्री