सदतीस नंबरचा चौकोन

३ नोव्हेंबर १९९७, सोमवार
आले एकदाची नव्या मुंबईत! घणसोली गावात कौलारू खोली मिळाली. मालकीणबाई केशरबाई शेजारच्या गल्लीत राहतात. पहिल्याच दिवशी त्यांनी सुक्या बोंबलाची चटणी पाठवली. आम्हा कराडच्या माणसांना वास जरा जड जातो, पण ताट चाटूनपुसून साफ केलं. कोपरखैरण्याचं ऑफिस म्हणजे दोन कॉम्प्युटर आणि दिनानाथ सर. काम झकास आहे. भरती-ओहोटीच्या ओढीवर फिरणारी चाळीस टर्बाइन खाडीत बसवायची आहेत, वीज करायला. ती बसवली तर पाणी कुठे अडेल, कुठे चढेल, हे मी आधी कॉम्प्युटरवर मॉडेल करून बघायचं. खाडी मी अजून धड पाहिलेलीसुद्धा नाही. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच!

१० नोव्हेंबर
नकाशाचे चौकोन पाडलेले आहेत. ज्या चौकोनात ९ लिहिला तो कोरडा. पाणी तिथून भिंतीला आपटल्यासारखं परत फिरतं. सरांनी अख्ख्या घणसोलीवर ९ मारून ठेवले होते. केशरबाई तर सांगतात, "इथं पयले पानीच हुतं, पोरी. बांध घातला, मंग घरं झाली." मी सगळे ९ काढून जमिनीच्या खऱ्या उंच्या भरल्या. सर म्हणाले, कशाला टेन्शन घेतेस, एक तारखेला 'परिणाम नाही' असा रिपोर्ट द्यायचाय, तू फक्त सही कर. मी म्हटलं, उत्तर आधी आणि गणित मागून, असं मला कोणी शिकवलेलं नाही. दिवसभर डोकं तापलेलं होतं.

१४ नोव्हेंबर, पौर्णिमा
मॉडेलचं उत्तर आलं. आजच्या भरतीला, बारा वाजून वीस मिनिटांनी, सदतीस नंबरच्या चौकोनात अकरा सेंटिमीटर पाणी. सदतीसमध्ये माझीच खोली येते! हसत हसत जेवायला घरी आले. गल्ली कोरडी, उंबरठा कोरडा. कुलूप काढलं, तर आत घोट्याच्या वर गढूळ, खारं पाणी. पट्टी लावली. अकरा.
खाडीत अजून एकही टर्बाइन बसलेलं नाही.

१५ नोव्हेंबर
घाबरले, खोटं कशाला लिहू? सकाळीच सदतीसवर ९ मारला. दुपारी खोली कोरडी ठणठणीत. तेवढ्यात केशरबाईंची हाक आली. त्यांच्या चुलीत पाणी, गुडघाभर. त्यांचं घर अडतीसमध्ये. प्रिंटआउट काढून पाहिलं, तिथेही तेवढंच. माझं पाणी मी त्यांच्या घरात लोटलं होतं. लाज वाटली. ९ पुन्हा काढला.

१७ नोव्हेंबर
परवा मी मॉडेलमधून टर्बाइनच काढून टाकली होती. सकाळी चाळीसच्या चाळीस परत. सर शपथेवर सांगतात, हात लावलेला नाही. त्यांना पाणी दाखवायला आणलं, तोवर ओसरलेलं. म्हणाले, मोजलेलं दाखव. वेळ, उंची, खाली सही. तरच रिपोर्ट बदलेन.
ठीक आहे. दाखवते.

२९ नोव्हेंबर
उद्या अमावास्येचं उधाण. कोणाच्या तरी घरात येणारच. सगळ्या गावावर ९ मारले. उघडा ठेवला एकच, सदतीस. उत्तर: दोन मीटर साठ. माझी कौलं दोन चाळीसवर.
भिंतीवर तांबड्या रंगाने आकडे काढले. केशरबाई रडकुंडीला आल्या, आमच्याकडं चल म्हणाल्या. नाही गेले. पळून गेल्यावर मोजणार कोण? पाण्यात राहून माशाशी वैर करू नये म्हणतात. मी करणार.

३० नोव्हेंबर
११.५० — फरशीच्या फटींतून आलं. ०.११.
१२.०५ — ०.९०. दार उघडत नाही. तरी मोजते आहे.
१२.१५ — १.६०. कॉटवर स्टूल, स्टुलावर मी. अक्षर वाईट — आकडे बरोबर आहेत.
बाहेर केशरबाई दार बडवतायत — ओरडतायत, गल्ली कोरडी हाय, कोरडी हाय —
१२.२२ — २.०५. एक कौल सरकवलं. खालच्या लाकडी रीपांतून हातच जातो फक्त. वही शेवटी पिशवीत घालून वर देईन — केशरबाई, सरांना द्या — त्यांच्याच हातात —
'परिणाम नाही'च्या खाली सही करणार नाही. इथे करते.
१२.२६ — २.३० — मोजणार: ज्ञानेश्व—