सरदारपुरची सुपारी

देवास

प्रिय जमू,

तुला पोटभर आशीर्वाद. तुझ्या सासरच्या मंडळींना नमस्कार लिहीत नाही, कारण हे पत्र त्यांच्यासाठी नाही. बांगड्या भरायला येणारी नर्मदाबाई ते थेट तुझ्या हातात देईल. वाच आणि चुलीत घाल. तुला वाचायला शिकवलं म्हणून भाऊबंद मला नावं ठेवायचे; आज त्याचा उपयोग झाला.

तुझ्या सासरी मी अजून दरबारात उभा आहे, नाही का? अंगात लाल डगला, हातात चांदीचा सोटा, आणि महाराजांची स्वारी आली की माझी ललकारी. त्या डगल्याकडे बघूनच तुझ्या सासऱ्यांनी, बळवंतरावांनी, तुला सून करून घेतलं. तुझ्या थोरल्या जावेच्या माहेरचं वतन गेलं तेव्हा तिचं पान दुसऱ्याच दिवशी मोलकरणींच्या ओळीत मांडलं, हे तूच मला रडत सांगितलं होतंस. म्हणून दसऱ्यापासून मी गप्प आहे. जमू, माझी चोपदारी दसऱ्यालाच गेली.

नवे कारभारी आले. त्यांनी टेबलावर पितळेची एक घंटी ठेवली. तळहाताने दाबली की टिंग होतं आणि माणूस आत येतो. मग चोपदार कशाला पोसायचा? सोटा जामदारखान्यात जमा करून घेतला, डगलाही उतरवून घेतला. आत माझी जुनी बाराबंदी होती म्हणून बरं, नाहीतर उघडाच घरी आलो असतो. आपल्या देवासात रस्त्याच्या अलीकडे एक राजा आणि पलीकडे दुसरा, तेव्हा दुसऱ्या पातीच्या दरबारातही विचारून आलो. त्यांनी घंटी आमच्याही आधी आणली होती.

मग पोटासाठी वणवण सुरू झाली. टेकडीवर देवीच्या पायऱ्यांशी नारळ विकायला बसलो, तर ओळखीचे लोक मला नमस्कार करायचे आणि नारळ शेजाऱ्याकडून घ्यायचे. चोपदारांशी घासाघीस कशी करायची म्हणे! तुझी आई लोकांचे पापड लाटते आणि कुणी विचारलं तर हौस म्हणून सांगते. ती हौस माझ्याने बघवत नाही. शेवटी कन्नौदच्या धान्यबाजारात लिलाव पुकारायचं काम मिळालं. पहिल्या दिवशी ढिगापुढे उभा राहिलो, छाती भरून घेतली, आणि सवयीने तोंडातून काय निघावं? ‘निगाह रखो!’ जोंधळ्याच्या ढिगाला मी राजाची ललकारी दिली. अख्खा बाजार पोट धरून हसला. एक आडत्या म्हणाला, ‘वाह भिया, आज तो जुवार की सवारी आई है!’ तेव्हापासून ते मला मुद्दाम तसंच पुकारायला लावतात. त्याने भाव चढतो म्हणतात. ज्या शब्दांवर मानकरी उठून उभे राहायचे, त्या शब्दांवर आता गाडीचे बैल कान हलवतात. मी राग गिळतो आणि त्यावर भाकरी खातो.

तिथेच सरदारपुरच्या मल्हाररावांनी मला हेरलं. कापसाच्या धंद्यात नव्याने वर आलेला माणूस, मालाच्या व्यवहाराला कन्नौदला आला होता. वैशाखात मुलीचं लग्न, मोठ्या घरचे व्याही येणार, तेव्हा मांडवाच्या दारात खरा दरबारी चोपदार हवा म्हणाला. बेगड चिकटवलेला सोटा आणि एक हिरवा डगलाही त्याने करवून ठेवला आहे. त्याने कामाची सुपारी पुढे ठेवली, मी उचलली. आम्हा चोपदारांत उचललेली सुपारी परत ठेवत नाहीत, आणि स्वारी कुणाची हे आधी विचारतही नाहीत. नावं ऐन वेळी दारात सांगतात. एवढीच काय ती आमची ऐट उरली आहे. निघताना मल्हाररावच कौतुकाने बोलून गेले. व्याही धारचे बळवंतराव, नवरामुलगा त्यांचा धाकटा उदाजी. तुझा दीर, जमू! सुपारी मुठीत होती आणि मूठ काही उघडेना.

घरी आलो तर बळवंतरावांचं आमंत्रण येऊन पडलेलं. त्यात लिहिलेलं, तुम्ही दरबारी पोशाखात, सोट्यासकट यावं, म्हणजे नव्या सोयऱ्यांपुढे आमची मान उंच होईल. म्हणजे दोन्हीकडे हवा आहे तो डगलाच. तुझी आई म्हणाली, सुपारी परत करा आणि पाहुणे म्हणून जा. कसा जाऊ? आहेर कुठला, घोडं कुठलं, डगला कुठला? आणि पावसाळ्याचं धान्य त्या सुपारीवरच घरात यायचं आहे. कारभाऱ्यांचा राग येतो, बळवंतरावांचा येतो, आणि सगळ्यात जास्त या माझ्या गळ्याचा येतो. सगळं गेलं, हा मात्र मेला अजून ठणठणीत आहे.

तर ऐक, एवढ्यासाठी लिहितो आहे. मी मांडवाच्या दारात असेन. तुझे सासरे मला ओळखायचे नाहीत. त्यांनी पाहिला तो लाल डगला, तोंड नाही. आता मी दाढी वाढवली आहे, आणि तुझ्या लग्नात मुलीचा बाप म्हणून इतकं हळू बोललो की माझा आवाज त्यांच्या कानी पडलेलाच नाही. तू मात्र तो झोपेतही ओळखशील. तुमची बायकांची गाडी येईल तेव्हा मी बळवंतरावांचं नाव पुकारत असेन, जितकं मोठ्याने पुकारता येईल तितकं. दचकू नकोस. गाडीचा पडदा सारू नकोस. डोळ्यांत पाणी आलं तर धूळ गेली म्हण. मग आत विचारतील, वडील का आले नाहीत? आजारी आहेत म्हणू नकोस, कुणाला तरी बघायला धाडतील. सांग, आबा चाकरीवर आहेत. तेवढं खोटं होणार नाही.

तुझाच,
आबा