जावईबापूंची छाती

सोमवार
आज गिरणीत रुजू झाले. कुणाचं हृदय अचानक बंद पडलं तर डॉक्टर येईपर्यंत काय करायचं, ते कामगारांना शिकवायचं. वर्ग कँटीनमध्ये, टेबलं भिंतीला सरकवून. सरावासाठी रबरी पुतळा आहे. नुसता लोळत पडतो आणि सगळे त्याच्या सेवेला, म्हणून बायका त्याला जावईबापू म्हणतात. हसून हसून माझी पुरेवाट झाली. छातीच्या मधोमध तळहात ठेवून जोरात, भरभर दाबा म्हटलं, तर सगळे गोंजारल्यासारखे दाबत होते. कँटीनवाल्या काकूंनी तर हातच लावला नाही.

मंगळवार
आज मी स्वतः "आई गं" म्हणत धाडकन पडून दाखवलं. टाळ्या पडल्या. काकूंना मात्र रडू कोसळलं. म्हणाल्या, आधीचे सर शिकवताना असेच पडले होते. नाटक समजून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. चहा आला तरी सर उठले नाहीत. पुतळा शेजारीच पडला होता.

मला भयंकर राग आला. पुन्हा असं होऊ देणार नाही. लगेच नियम केला: "आई गं" म्हटलं तर नाटक. मुकाट्याने पडले तर खरं, धावत या.

गुरुवार
पुतळ्याची छाती दाबली की माझी दुखते. आंघोळीच्या वेळी पाहिलं, छातीवर तळहाताएवढा काळानिळा डाग आहे. पुतळ्याचं रबर अंगासारखं गरम लागतं. उन्हात राहिला म्हणावं, तर तिथे ऊन येतच नाही. कपाटात कोंडलाय त्याला. सर, तुम्ही असाल तर ऐका. तुमच्यासाठी कुणी धावलं नाही याचं मला वाईट वाटतं. पण त्यापायी माझा जीव मिळणार नाही.

शुक्रवार
कपाट उघडं. जावईबापू माझ्या खुर्चीत. कुणीच बसवलेला नाही. गिरणीचे साहेब म्हणाले, चेहरा उतरलाय, रजा घ्या. घरी एकटी मरायला? पडायचंच तर यांच्यात पडेन. आज सगळ्यांकडून घाम निघेपर्यंत दाबून घेतलं. काकूंनीही दाबलं, पहिल्यांदाच. दातओठ खाऊन.

शनिवार
वर्ग भरतोय. डावा हात जड — श्वास पुरत नाही. साहेबांना खूण केली. ते हसले, म्हणाले, झालं बाईंचं नाटक सुरू.

हाक मारायला गेले. तोंडच उघडेना —

"आई गं."

माझाच आवाज. पुतळ्याच्या तोंडून. त्यानेही नियम ऐकला होता —

टाळ्या. वाजवा. मी पडणार ती तुमच्यासमोरच —

काकू हसत नाहीयेत. माझ्या तोंडाकडे बघताहेत. मिटलेलं आहे ते. झारा टाकला, बाह्या सारल्या —

जोरात, काकू. बरगडी मोडली तरी थांबू नका, मी परत —