चौथ्या स्टुलावरचा थर्मास

१२ एप्रिल

उद्या सासूबाई येतायत. मन्सूराहून कैरो, कैरोहून ग्वांगझौ, तिथून आमचं यीवू. व्हिसा साठ दिवसांचा. साठ दिवस म्हणजे काहीच नाही. मी इजिप्तला धाडतो त्या रमजानच्या कंदिलांचे कंटेनर कधीकधी तेवढे दिवस समुद्रावर असतात आणि मी मुकाट्याने वाट बघतो.

नेविनने आईच्या खोलीचे पडदे आज तिसऱ्यांदा बदलले. आमच्या खोलीला पडदाच नाही, ते असो.

मला बिचाऱ्या म्हातारीची काळजी वाटते. भाषा नाही, ओळखदेख नाही. चिनी माणूस पटकन जवळ करत नाही, हे मी अकरा वर्षांच्या अनुभवावरून सांगतो. पहिल्या आठवड्यात रडतील. तेव्हा शेजारी बसायचं, धीर द्यायचा, बाहेर फिरवायचं. टाइम-टेबल तयार आहे. मंगळवारी माझं ऑफिस. गुरुवारी पुन्हा माझं ऑफिस.

१३ एप्रिल

आल्या. दोन बॅगा. नातीसाठी, आमच्या तालियासाठी, सहा फ्रॉक, नेविनसाठी अर्धी मन्सूरा, स्वतःसाठी तूप, मुलुखिया या आमच्याकडच्या पालेभाजीचा वाळवलेला पाला आणि भाजलेल्या बियांची पोतडी. माझ्यासाठी मोजे. एक जोड.

लेबल पाहिलं. आमच्या मार्केटमागच्या कारखान्यातले आहेत. म्हणजे हे मोजे यीवूहून इजिप्तला गेले आणि सासूबाईंनी पैसे मोजून परत आणले. कपाटात ठेवले. घालणार नाही.

१७ एप्रिल

कचऱ्याची पिशवी टाकायला म्हणून खाली गेल्या त्या आल्याच नाहीत. मी चपलांवरच धावलो. हरवलेल्या बाईचं वर्णन चिनीत कसं करायचं ते जिना उतरताना जुळवत होतो.

बाकावर बसल्या होत्या, तिसऱ्या मजल्यावरच्या लौमावशीबरोबर. बिया फोडत होत्या. आमच्या भोपळ्याच्या बिया मावशीच्या मुठीत, त्यांच्या सूर्यफुलाच्या बिया सासूबाईंच्या मुठीत. मधे टरफलांचा ढीग. लौमावशी गेल्या चार वर्षांत माझ्याशी एकदाच बोललीय: लिफ्टचं दार धरा.

मी म्हटलं, काही विचारायचं असेल तर मी सांगतो चिनीत. लौमावशीने माश्या हाकलतात तसा हात हलवला. सासूबाई म्हणाल्या, अरे शौकी, कशाला त्रास घेतोस, आमचं चाललंय.

काय चाललंय? दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नाही.

२५ एप्रिल

भिंतीकडेच्या वाफ्यात सोसायटीच्या आज्या चोरून लसूण-कांदापात लावतात. आता तिथे सासूबाईंनाही हातभर जागा मिळाली आहे. लौमावशीने दिली. सासूबाईंनी मुलुखिया पेरला.

मी बजावलं की हे नियमात बसत नाही, शिवाय माती चिकट आहे आणि आपल्याकडचं बी इथे उगवणार नाही. सासूबाई म्हणाल्या, तू नाही का उगवलास?

नेविन हसली. गरजेपेक्षा जास्त हसली.

३ मे

आजचा प्रसंग शांतपणे लिहायचा आहे.

बागेत दगडी टेबल आहे, भोवती चार स्टुलं. तीन म्हातारे रोज संध्याकाळी चिनी बुद्धिबळ खेळतात. चौथ्या स्टुलावर त्यांच्यातल्या गोंगकाकांचा चहाचा थर्मास असतो. या सोसायटीत आल्यापासून मी मागे उभा राहून डाव बघतो. मनातल्या मनात तिघांनाही हरवून झालंय. एक दिवस थर्मास उचलला जाईल आणि गोंगकाका म्हणतील, बसा. मला घाई नाही. मागच्या वर्षी ते माझ्याशी बोलले सुद्धा: उजेड अडतोय, बाजूला व्हा. संबंध असेच हळूहळू जुळतात.

आज सासूबाई मला जेवायला बोलवायला खाली आल्या. गोंगकाकांनी वर पाहिलं, थर्मास उचलून जमिनीवर ठेवला, स्टूल बाहीने पुसलं. सासूबाई बसल्या! घोडा कोणता, हत्ती कोणता, काही कळत नाही त्यांना. सगळ्यांना मूठमूठ बिया वाटल्या. गोंगकाकांनी घोडा उचलला तेव्हा जीभ टाळ्याला लावून च्यक् केलं. गोंगकाकांनी घोडा परत ठेवला, दुसरी सोंगटी हलवली आणि जिंकले. मी सासूबाईंची बियांची पिशवी धरून मागे उभा होतो. जेवण गार झालं.

हेवा वाटला का? मुळीच नाही. थर्मास जमिनीवर ठेवला तर चहा लवकर निवतो, एवढीच चिंता वाटली.

११ मे

तालिया आता तेताच्या, म्हणजे आजीच्या, खोलीत झोपते. आधी माझ्या गोष्टीशिवाय डोळा लागत नसे. सातव्या वर्षी मुलं स्वतंत्र होतात, वाचलंय कुठेतरी.

तरी उपाय म्हणून नवा सॅम्पल कंदील आणला. गातो, फिरतो, सात रंग. तालियाने पाच मिनिटं बघितला. मग दोघींनी त्याचं खोकं कापून बाहुलीचं घर केलं. कंदील अजून गातोय. बंद होत नाही. सप्लायरशी बोलायला हवं.

१९ मे

वाळवलेल्या पाल्याचा मुलुखिया झाला. लसणीची फोडणी पातेल्यात ओतताना सासूबाईंनी रीतसर मोठ्ठा श्वास ओढला: ह्हा! त्याशिवाय मुलुखिया जमत नाही, पाला तळाला बसतो, असं आमच्या सगळ्या बायका मानतात. मी नाही मानत. मी शिकलेला आहे.

तेवढ्यात दार धडधडलं. लौमावशी, हातात झारा. स्वयंपाकघराच्या खिडकीतून आवाज ऐकून तिला वाटलं म्हातारी कोसळली. सासूबाईंनी तिला आत ओढलं, पुन्हा फोडणी केली, पुन्हा ह्हा. मग लौमावशीकडून तीनदा करून घेतलं.

आज संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावरून ह्हा आलं. पाठोपाठ पाचव्यावरून. अकरा वर्षांत या लोकांनी माझ्याकडून एक गोष्ट उचललेली नाही.

लिहूनच टाकतो. जळतो मी. डायरी माझी आहे, इथे तरी खरं लिहू दे. उद्यापासून नाही जळणार.

२० मे

नाही जळलो. सकाळपर्यंत.

६ जून

व्हिसा संपत आला. मुलुखिया गुडघाभर झालाय, दोन आठवड्यांत काढायला येईल. सासूबाई म्हणाल्या, मुदत वाढत असेल तर बघ बाळा. मी खुर्चीत मागे टेकून सांगितलं, आई, चीनचे नियम फार कडक, तुम्हाला कल्पना नाही. माझा नाइलाज आहे. त्या म्हणाल्या, तुझं बरोबर असेल, तुला इथलं माहीत.

बरं वाटलं. खूप दिवसांनी कोणीतरी असं म्हणालं.

७ जून

नेविन परस्पर व्हिसाच्या ऑफिसात गेली आणि तासाभरात परत आली. सप्टेंबरपर्यंत मुदत वाढली. रांगही नव्हती म्हणे.

मी म्हटलं, नियम अलीकडेच बदलले असणार. नेविन म्हणाली, हो, तू घरी होतास तेवढ्यात बदलले.

१८ जून

सोसायटीच्या ऑफिसने वाफे उपटण्याची नोटीस लावली. आज्या हवालदिल. मी जाहीर केलं, माझ्यावर सोडा. संधी चालून आली होती. चिनीत भाषण पाठ केलं, कोट घातला.

मॅनेजरने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, नवीन राहायला आलात का? मग नियम समजावून सांगितले. इतके नीट सांगितले की मला पटले. वाफे आठवडाभरात काढून टाकू, असं मीच कबूल करून आलो.

घरी सांगितल्यावर नेविन म्हणाली, तुझं चिनी फक्त भाव पाडायला बरं. तालिया म्हणाली, बाबा, पाठ करताना तुम्ही वाफ्याला सारखं अंथरूण म्हणत होता.

२५ जून

माळी आले. सासूबाई आणि सगळ्या आज्या वाफ्याच्या काठावर ओळीने बसल्या आणि बिया फोडत राहिल्या. कोणी भांडलं नाही. माळी थोडा वेळ उभे राहिले, त्यांनाही बिया मिळाल्या, मग ते गेले.

संध्याकाळी आमच्याकडे ताजा मुलुखिया. लौमावशीने भात आणला, तोही नव्या पातेल्यात. आपल्या पातेल्यात डुकराचं मटण शिजतं म्हणून सासूबाईंसाठी वेगळं विकत घेतलंय. माझ्यासाठी चार वर्षांत कोणी नवी वाटी घेतली नाही. तीन वेळा वाढून घेतलं. चव ठीक होती.

३० जुलै

उकाडा. ऑर्डरी रोडावल्या. सोसायटीत आता मला लोक हाक मारतात. काय म्हणून, तर आजीचा जावई. वॉचमनसुद्धा. माझं नाव शौकी आहे, असं आज तिघांना सांगितलं. तिघांनीही मान डोलावली आणि विचारलं, आजी कुठे?

८ ऑगस्ट

जेवताना सासूबाई म्हणाल्या, फार दिवस झाले बाई, तुम्हाला जड झाले, आता निघते मी.

मी ताबडतोब फोन काढला आणि सोळा तारखेचं तिकीट बुक केलं. खिडकीजवळची सीट. मला वाटलं, खूश होतील.

सासूबाईंनी तालियाच्या ताटातला भात सारखा केला आणि म्हणाल्या, अल्ला तुझं भलं करो, किती पटकन केलंस.

९ ऑगस्ट

नेविन बोलत नाही. जे बोलली ते एवढंच: पाहुणा निघतो म्हणतो तेव्हा काय म्हणायचं हे तुला आईने शिकवलं नाही का?

शिकवलंय. पाहुण्याने म्हणायचं, निघतो. घरच्या पुरुषाने म्हणायचं, छे, अजून लवकर आहे. पाहुणा पुन्हा म्हणतो, आपण पुन्हा म्हणायचं. तिसऱ्यांदा अल्लाची शपथ घालायची, मग पाहुणा राहतो. मन्सूरात शेंबडं पोर सुद्धा हे जाणतं. पण मी अकरा वर्षं चीनमध्ये आहे, मला सरळ बोलायची सवय लागलीय. म्हातारीला राहायचं होतं तर निघते कशाला म्हणाली?

मला माहीत होतं. बोट बटणावर होतं तेव्हाही माहीत होतं.

१२ ऑगस्ट

ठरवलं, आज म्हणायचं, थांबा. सकाळी म्हणणार होतो, त्या वाफ्यावर होत्या. दुपारी झोपल्या होत्या. संध्याकाळी स्टुलावर होत्या आणि भोवती सगळे होते. सगळ्यांसमोर कसं म्हणणार? उद्या.

१६ ऑगस्ट

गेल्या. एअरपोर्टवर बॅग मी ढकलली. आत जाताना त्यांनी माझी कॉलर सारखी केली. मी म्हणालो, बॅगेचं वजन बरोबर भरलंय.

परत आलो तर दारात लौमावशी, नवं पातेलं घेऊन. प्रवासाला भात दिला असता म्हणाली. आठ दिवस आधी तिला सांगायचं कुणाच्याच लक्षात राहिलं नाही. निदान माझ्या तरी.

तालिया रात्री आमच्या खोलीत आली. मी गोष्ट सुरू केली. म्हणाली, ही नको, तेताची सांगा. मला तेताची येत नाही.

२४ ऑगस्ट

मुलुखिया पुन्हा फुटलाय. लौमावशीने टोपलीभर कापून आणला आणि ओट्याशी उभी राहून माझ्याकडे बघू लागली. ठीक आहे. मला येतं. पाला चिरला, रस्सा उकळला, लसणीची फोडणी ओतली. दोघी माझ्या तोंडाकडे बघत होत्या, लौमावशी आणि तालिया. मी श्वास वगैरे ओढला नाही. शिकलेला माणूस आहे मी.

पाला तळाला बसला. पाला जून असावा. लौमावशीने एक चमचा खाल्ला आणि माझ्या खांद्यावर थोपटलं.

३१ ऑगस्ट

आज तो दिवस आला.

संध्याकाळी नेहमीप्रमाणे मागे जाऊन उभा राहिलो, उजेड सोडून. गोंगकाकांनी वर पाहिलं. थर्मास उचलला. जमिनीवर ठेवला. बाहीने स्टूल पुसलं आणि म्हणाले, बस.

मी बसलो. स्टूल दिवसभराच्या उन्हाने गरम होतं. काय बोलायचं ते चार वर्षांपूर्वीच ठरवून ठेवलं होतं, ते आठवेना. गोंगकाका डावाकडे बघतच म्हणाले, आजी येईपर्यंत तू बस. ती आली की उठायचं. केव्हा येते?

मी म्हणालो, लवकरच. इतर दोघांनीही माना वर केल्या. म्हणून पुन्हा म्हणालो, लवकरच येणार आहे. मग त्यांनी हात पुढे केले. बियांसाठी. माझ्याकडे बिया नव्हत्या.

घरी येऊन नेविनला म्हटलं, आईंना फोन लाव. ती म्हणाली, तुला बोट आहे ना, तिकिटं काढायचं? तूच लाव.

लावला. म्हटलं, आई, या ना आता परत. त्या म्हणाल्या, अरे, आत्ताच तर आले. मी पुन्हा म्हटलं, या. म्हणाल्या, गुडघे दुखतात बाळा, लांबचा प्रवास. तिसऱ्यांदा म्हणताना आवाज कसा आला ते लिहायची गरज नाही. अल्लाची शपथ घातली. तालिया आणि नेविन दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

त्या म्हणाल्या, बघू. आणि मग, शौकी, ते मोजे वापरतोस का रे?

वापरतो म्हणालो. फोन ठेवल्यावर कपाट उघडून शोधले. मिळाले. एक बोट आखूड पडतात.